गबाजीच्या गाडीवरचे पाच ओरखडे

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि गाड्या जास्त झाल्या होत्या. हसू नका. सावलीतली जागा मिळेना म्हणून तिथे वाघसुद्धा चरफडत गोल गोल फिरायचा.

त्या जंगलात गबाजी अस्वलाने नवीन गाडी घेतली. पिकल्या जांभळाच्या रंगाची. गबाजी रोज बॉनेटमध्ये आपलं तोंड बघायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. आता अस्वलाच्या तोंडात बघण्यासारखं काय असतं? पण जाऊ दे, आपल्याला काय करायचंय!

गाडीची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मग गबाजीची बायको अनसूयाबाई पुढे झाली. तिने पंजा ओल्या कुंकवात बुडवला आणि बॉनेटवर पाच बोटं ओढली. चांगली दाबून, मन लावून.

"पूजेचं कुंकू पुसायचं नाही हं," ती म्हणाली. "आपोआप जाईल तेव्हा जाईल."

काही दिवसांनी दवाने कुंकू धुऊन गेलं. त्या सकाळी गबाजी गाडीपाशी आला आणि त्याने अशी बोंब ठोकली की वडावरची वटवाघळं टपाटप खाली पडली. बॉनेटवर ओरखडे! पाच! एकाशेजारी एक!

"अहो, कुणा मेल्याची दृष्ट लागली हो!" अनसूयाबाईने डोळ्याला पदर लावला.

शेजारच्या बिळात नरहरी साळिंदर राहायचा. गरीब बिचारा, मान खाली घालून जाणारा. पण अंगावर काटे. झालं! सगळं जंगल त्याच्याकडे बघायला लागलं.

वडाखाली पार्किंग कमिटीची मीटिंग बसली. अध्यक्ष होता कोल्हा.

"काटे तुझेच ना?" कोल्ह्याने विचारलं.

"माझेच साहेब. पण मी हा एवढासा, चाकाएवढा. बॉनेटवर मी पोचणार कसा?"

"म्हणजे पोचायचं कसं याचा विचार तू केलायस," कोल्हा म्हणाला. "बघा मंडळी, स्वतःच्या तोंडाने कबूल झाला!"

ठरलं. उद्या सकाळी सगळ्यांसमोर नरहरीचे काटे कापायचे.

नरहरी रडायलाच लागला. "मायबाप, काटे गेले तर बिबट्या मला एका घासात खाईल हो!"

"त्याचं नंतर बघू," कोल्हा म्हणाला.

बिबट्या कमिटीवरच होता. तो नुसत्या जिभल्या चाटत बसला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. माकडाच्या गॅरेजमधून गाडी नवा रंग लावून आली होती. कोल्ह्याने कात्री उचलली. नरहरीने डोळे घट्ट मिटले.

"थांबा हो भाऊजी," अनसूयाबाई म्हणाली. "आधी शुभ काम, मग तुमची कापाकापी. दृष्ट लागलेली गाडी आहे, पुन्हा पूजा करू."

पंजा कुंकवात बुडाला. पाच बोटं बॉनेटवर टेकली. आणि मग, कर्रर्रर्र!

सगळ्यांचे दात शिरशिरले. कुंकवाच्या मधून पाच चकचकीत रेघा दिसत होत्या.

"अरेच्चा!" माकड म्हणालं. "अगदी तस्सेच की!"

गबाजीने बॉनेटकडे पाहिलं. मग बायकोच्या नखांकडे पाहिलं. मग बायकोच्या डोळ्यांकडे पाहिलं. बाळांनो, त्याला दुपारी घरीच जेवायचं होतं, हे विसरू नका.

"वा!" गबाजी ओरडला. "काय सुबक हात आहे हिचा!"

कोल्ह्याने टाळ्या वाजवल्या. मग काय, सगळ्यांनीच वाजवल्या.

"वहिनी, आमच्याही गाडीवर ओढा ना पाच बोटं!" म्हणत ही रांग लागली. संध्याकाळपर्यंत जंगलात एक गाडी धड उरली नाही, आणि सगळे कसे आनंदात!

नरहरी अजून तिथेच उभा होता. "साहेब, माझ्या काट्यांचं काय?"

"राहू देत. जा, तुला माफ केलं."

"पण मी केलं काय?"

"अरे, तेच तर माफ केलं ना!" कोल्हा म्हणाला.

नरहरीने जास्त विचारलं नाही. काटे खुळखुळवत, उड्या मारत तो बिळाकडे पळाला. बिबट्या तेवढा हिरमुसून घरी गेला.

तात्पर्य: गाडीवर ओरखडा दिसला की लगेच आरडाओरडा करू नये. आधी घरातल्यांची नखं तपासावीत. जुळली, तर ओरखड्याला नक्षी म्हणावं. नाही जुळली, तर शेजारी आहेतच.