परंपरा पॅनेलचा अस्सल उमेदवार

परंपरा जपणाऱ्यांत मतभेद नसतात. परंपरा नेमकी कोणाची, एवढाच तपशील उरतो, आणि त्यावरून माणसं जन्मभर बोलणं टाकतात. ग्वाल्हेरला शिंदे की छावनी या वस्तीतल्या मराठी मंडळात परंपरा पॅनेलनं अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला आधी आपसांत मतदान ठेवलं, ते याच एकजुटीतून. (प्रगती पॅनेलशी लढत त्यानंतर, पॅनेल उरलं तर.)

इच्छुक तिघे. निवृत्त प्राध्यापक शरच्चंद्रपंतांचं म्हणणं, आरती जुन्या चालीवर व्हावी. फौजी घराण्यातल्या मानसिंगरावांना चाल मान्य, पण सोबत तुतारी हवी. कुमुदिनीताईंना हे दोघेही पुरोगामी वाटत. आरती संपताच लोक हिंदीत गप्पा मारतात, त्याचं काय?

पंत मवाळ गणले जात, कारण त्यांची सून गरिमा गावातल्याच हजीरा मोहल्ल्यातली, माहेर हिंदी. मंडळाच्या मुलांना अथर्वशीर्ष तीच शिकवते. (मराठी आईबापांना वेळ नसतो, ते परंपरा जपत असतात.)

सभेत मानसिंगराव गरजले, "ज्याचं घर अस्सल, त्यालाच मताचा हक्क!"

"आणि बाहेरच्या सुनांनी आमच्या मुलांना शिकवायचं नाही," कुमुदिनीताई म्हणाल्या. "पंत, तुम्ही बोला ना. साफ साफ बोला, घुमा-फिराके नको."

गरिमाचा तो तास म्हणजे तिचा जीव, हे पंतांना ठाऊक होतं. पण तीनदा उपाध्यक्ष राहून दुसऱ्यांच्या गळ्यात हार घालायचाही माणसाला कंटाळा येतो. तेव्हा मवाळ माणूस अशा वेळी करतो तेच त्यांनी केलं. कडव्यांच्या एक पाऊल पुढे गेले.

"सुनाच का? आज्या, पणज्याही तपासा. एकही बाहेरची नको. आणि ते शिकवणं आजपासून बंद."

टाळ्या. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि सगळे लगेच तपासणीला लागले. मानसिंगरावांची पणजी राजपूत निघाली. (हे ते स्वतःच दर लग्नात अभिमानानं सांगत.) कुमुदिनीताईंची आजी मथुरेची.

"वो अलग बात है!" त्या ओरडल्या.

सगळ्या सभेचीच अलग बात निघाली. शेवटी मताला पात्र एकटे शिवाजीराव उरले. अविवाहित, आई, आजी, पणजी तिन्ही साताऱ्याकडच्या. ते मूळचे प्रगती पॅनेलचे. नाश्त्याला गरम बेडई-पुरी आहे असं ऐकून आले होते.

"पंतांना मत," हात पुसत ते म्हणाले. "पाडायला तेच सोपे."

अशा रीतीनं पंत बहुमतानं उमेदवार झाले. (उमेदवाराचं घरही अस्सल असावं, अशी अट ठरावात घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.)

पंत हार घालून घरी पोचले, त्याआधीच बातमी पोचली होती. ओसरीवर मुलं पाट मांडून बसलेली.

"अभिनंदन, बाबा," गरिमा म्हणाली. "मुलं आलीत. यांना काय सांगू?"

"आज... सुट्टी म्हणावं."

"आणि उद्या?"

पंतांनी हार काढून खुंटीला लावला. त्याला बराच वेळ लागला. तोवर गरिमानं एकेक करून पाट उचलून भिंतीशी लावले होते.

वाचक म्हणून आपण गरिमाच्या बाजूचे आहात, याबद्दल शंका नाही. फक्त, 'आपल्या घरात बाहेरचं कोण?' असं विचारताच आपल्या मनात ज्यांचं नाव चटकन आलं, त्यांनीच बहुधा आज सकाळी आपल्याला चहा करून दिला.