दोन खुर्च्यांचे तिरोडकर

तिरोडकर कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले, की कॉम्प्युटरला हातच लावायचे नाहीत. आधी दोन खुर्च्या मागायचे. त्या समोरासमोर मांडायचे, एकीत बसून काहीतरी बोलायचे, मग उठून दुसरीत बसायचे आणि स्वतःलाच उत्तर द्यायचे. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी खाली वॉचमनला फोन लावला होता, या माणसाला आत कुणी सोडलं म्हणून.

ही बारा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची कंपनी. प्रयोगशाळांना लागणारे नाजूक वजनकाटे विकायची आणि वर्षातून एकदा तपासून द्यायची. मी तिथली ऑफिस मॅनेजर. आज नातवंडं मला हसतात, पण त्यांनी तेव्हाची मी पाहायला हवी होती! वय बावन्न, केसांना मेंदी इतकी की लांबून गाजर वाटावं, चष्म्याला मोत्यांची साखळी, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं ही पक्की खात्री. कडक इस्त्रीच्या साडीतला मूर्खपणा, दुसरं काय.

त्याच खात्रीच्या भरात मी साहेबांना नवं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. गिऱ्हाइकांची नावं, फोन, कुणाचा काटा कधी तपासायचा, सगळं त्यात राहणार होतं. विकायला आलेल्या गृहस्थांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, दोनदा मला "यू आर व्हेरी शार्प, मॅडम" म्हणाले, आणि मी होकार देऊन मोकळी झाले. आपली मेल सांभाळणारा सर्व्हर जुना आहे, त्याच्याशी याचं पटेल का, हा एवढा प्रश्न काही त्या शार्प बाईला सुचला नाही.

पटलं नाहीच. सॉफ्टवेअरमधून काढून टाकलेलं गिऱ्हाईक सकाळी मेलमधून पुन्हा हजर व्हायचं. एकेका डॉक्टरांचे चार-चार अवतार दिसायचे. तपासणीची आठवण भलत्याच महिन्यात जायची. सॉफ्टवेअरवाले म्हणायचे, सर्व्हरचा दोष. सर्व्हरवाले म्हणायचे, सॉफ्टवेअरचा. शेवटी कुणीतरी कांजूरमार्गच्या तिरोडकरांचं नाव सुचवलं.

पन्नाशीचे, किडकिडीत, खिशाला चार पेनं. त्यांतलं एकच चालायचं, आणि कुठलं ते त्यांनाही माहीत नसायचं. बोलणं अखंड. आले, खुर्च्या मांडल्या आणि एकीत ताठ बसून सॉफ्टवेअर झाले. सॉफ्टवेअर म्हणजे पुण्याची बाई.

"हे पाहा, मी आपल्याला तारीख पाठवलेली आहे. चार, अकरा."

उठले, दुसऱ्या खुर्चीत पाय पसरून सर्व्हर झाले. सर्व्हर मालवणचा.

"मगे मी अकरा एप्रिल लिवलंय. झाला तुजा काम."

"अहो, चार नोव्हेंबर होतं ते!"

"ता आधी सांगूक नको?"

मी तोंडाला पदर लावून हसत होते. तिरोडकर मात्र थबकले, माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "मिळालं मॅडम. ही दिवस आधी लिहिते, तो महिना आधी वाचतो. दोघांचंही बरोबर आहे." दहा मिनिटांत तारखा सरळ. दोन कंपन्यांची माणसं महिनाभर ज्यावरून भांडत होती, ते या माणसानं दोन खुर्च्यांत सोडवलं. माझं हसू पदरातच राहिलं.

"दोघांचंही बरोबर आहे" हे त्यांचं पालुपद. कुणाची चूक ते सांगा, असं मी एकदा दरडावून विचारलं, तर म्हणाले, "चूक शोधायला बसलं की मॅडम, ऐकायचं राहून जातं." काढून टाकलेली गिऱ्हाइकं परत का येतात तेही त्यांनी असंच शोधलं. सर्व्हरच्या खुर्चीत बसून इतक्या कळवळ्यानं म्हणाले, "ता हरवला असात म्हणान मी परत धाडलंय गो!" की आमच्या अकाउंटंटबाईंनी डोळे पुसले. मी त्यानंतर त्यांच्या खुर्च्या स्वतः मांडायला लागले.

मग साहेबांनी ठरवलं, की साडेचारशे गिऱ्हाइकांना नव्या सेवेचं पत्र मेलनं पाठवायचं, प्रत्येकाला नावानिशी. गुरुवारी सकाळी. आदल्या दिवशी तिरोडकर चाचणीचे कागद घेऊन सर्व्हरच्या खुर्चीत बसले आणि वाचू लागले.

"आदरणीय शहा डोक्याला ताप."

बोट खालच्या ओळीवर नेलं.

"आदरणीय डॉक्टर दामले चेंगट तासभर पकवतात."

ते शब्द माझे होते. सॉफ्टवेअरमध्ये एक 'शेरा' नावाचा रकाना होता. तिथं मी प्रत्येक गिऱ्हाइकाबद्दल मनातलं लिहून ठेवायचे. आपल्यापुरतं आहे, कोण बघतंय! सर्व्हरकडे शेऱ्याचा रकानाच नव्हता. टाकून द्यायला त्याचा जीव होईना, म्हणून त्या बापड्यानं प्रत्येक शेरा नावाला चिकटवून ठेवला होता. उद्या सकाळी ही शेपटं साडेचारशे घरी पोचणार होती. वीस वर्षांची नोकरी, साहेबांचा विश्वास, सगळ्याची वाट लागली होती. माझ्याच शब्दांत.

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय तिरोडकर, जमलं का?"

तिरोडकरांनी माझ्याकडे पाहिलं. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"दोघांचंही बरोबर आहे साहेब. नावाचा रकाना जरा लांब पडतोय. संध्याकाळपर्यंत कापतो."

साहेब आत गेले. मी काही बोलणार, तर तिरोडकरांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. आज सॉफ्टवेअर तुम्ही."

नवे शेरे सर्व्हरकडे जायची वाट त्यांनी आधी बंद केली. पण चिकटलेलं एकेक शेपूट वेगळं, त्यामुळे एका झटक्यात कापता येईना. मी यादीतून नाव आणि शेरा वाचायचा, त्यांनी सर्व्हरमधून तेवढा शेरा उडवायचा. आपलंच लिहिलेलं मोठ्यानं वाचायची ती शिक्षा मी शत्रूलाही देणार नाही. "जोशी, आगाऊ." "मर्चंट, मिशी भयंकर." तिरोडकर एकदाही हसले नाहीत. मध्येच विचारायचे, "हे दामले तासभर कशाबद्दल बोलतात हो?" मी कधी ऐकलंच नव्हतं.

पाच वाजता यादीच्या शेवटी आलो. तिथं ऑफिसला सेवा देणाऱ्यांची नावं होती. माझं बोट एका ओळीवर अडखळलं.

"वाचा ना मॅडम."

"हे राहू दे. हे मी नंतर करते."

"वाचा ओ. एवढ्यांचं वाचलंत."

वाचलं. "तिरोडकर. कामात वाघ. बडबड फार. घरी जायची घाई नाही, चहा दोनदा द्यावा लागतो."

वाटलं, आता तरी हसतील. त्यांनी कीबोर्डवरून बोटं उचलली.

"बरोबर लिवलंत," मग हळूच म्हणाले. "आई होती तोवर घाई असायची. आता काय, कुलूप उघडायचं नि दिवा लावायचा."

"आणि जेवणाचं?"

"भात लावतो. रविवारी आमटी करून ठेवतो, ती मंगळवारपर्यंत पुरते."

"बुधवारी?"

"बुधवारी इथं असतो ना. तुम्ही सगळीजणं डबे उघडता, मला बोलावता."

तिरोडकरांचा करार मीच टाइप केला होता. महिन्यातून एक भेट, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आणि सात-आठ महिने हा माणूस दर बुधवारी काहीतरी बिघडलंय का बघायला येत होता. त्या अतिशार्प बाईनं ते एकदाही मोजलं नव्हतं.

"हा पण कापा," मी म्हटलं.

"सर्व्हरमधून कापतो," ते म्हणाले. "सॉफ्टवेअरमधला राहू दे मॅडम. कुणीतरी बघून लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी पत्रं गेली. सगळी नावं स्वच्छ. डॉक्टर दामल्यांचा आभाराचा फोन आला, तो मी तासभर ऐकला. मग सॉफ्टवेअर उघडून बाकीचे सगळे शेरे पुसले. तिरोडकरांचा तेवढा ठेवला आणि त्याच्यापुढे एक ओळ वाढवली: बुधवारी हे आल्याशिवाय कुणीही डबा उघडू नये.