लहानूची जागा

गोसाईभाऊ माणसं माशांत मोजायचे. तलाठी म्हणजे वाम, "हातात धरला का सुटते." सरपंच म्हणजे कतला, "डोस्कंच मोठं." माझी त्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात बदली झाली, तेव्हा त्यांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "डाक्टर, तुमी शिंगी." शिंगी चिखलात गपचूप पडून असते, चुकून पाय पडला की काटा रुतवते. मी हसलो होतो.

गाव चामोर्शीकडचं, मार्कंड्याच्या देवळाच्या अलीकडे. गावाला मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेला एक तलाव आणि तलावाला गोसाईभाऊ. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसून मासळी विकायचे, पण विकण्यापेक्षा गिऱ्हाईक परत पाठवण्यातच त्यांना जास्त रस. कुणी विचारलं, "ताजी हाये का, भाऊ?" की म्हणायचे, "नाई, मागच्या सालची हाये. तुमच्यासाठीच ठेवली होती." पाऊस येईल का, पोराचं लग्न जुळेल का, निवडणूक कोण जिंकेल, काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "पान्याले विचारा."

मोठं जाळं ओढायला तलावाच्या दोन काठांवर माणसं लागतात आणि दोघांची ओढ एकाच वेळी पडावी लागते. त्यासाठी गोसाईभाऊंनी एक गाणं रचलं होतं. स्वतः. प्रत्येक कडव्याच्या आधी ते पलीकडच्या काठाला हाक द्यायचे, "लहानूऽऽ, धरलं का?" आणि थांबायचे. लहानू त्यांचा धाकटा भाऊ. तो पलीकडून "ओऽ" म्हणायचा, मग ओढ सुरू.

मी गावात आलो तोवर लहानू गेलेला होता. जाळं कुणामुळे फाटलं यावरून दोघांचं भांडण झालं, आणि तो मिरची तोडणाऱ्यांच्या टोळीबरोबर आंध्रात गेला तो आलाच नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पलीकडचं टोक आता दुसराच कुणी धरायचा, पण हाक लहानूचीच. हाकेनंतरची जागा तशीच रिकामी ठेवायची, हा नियम. टोक धरणारे वैतागायचे, "काऊन जी गोसाईभाऊ, तो काय मिरचीच्या वावरातून ओ देऊन राह्यला?"

"पान्याले विचारा," भाऊ म्हणायचे.

माझा एक कॉलेजचा मित्र पुण्यात चार पोरांचा बँड चालवायचा. सिनेमा नाही, कंपनी नाही, घरातल्या खोलीतच रेकॉर्डिंग. त्याला गावाकडची चाल हवी होती. मी टेपरेकॉर्डर घेऊन पाळीवर गेलो. गोसाईभाऊ यंत्राकडे पाठ करून गायले. "डब्ब्याकडं तोंड करून काऊन गाऊ? त्याले जाळं वढता येते का?"

टेप पुण्याला पाठवली आणि मित्राचा फोन आला. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. गाणं कुणाचं? आणि दर कडव्याआधी ते नाव अन् मग शांतता, हे काय आहे?

दोन्हींची उत्तरं मला माहीत होती. मी म्हणालो, "कुणाचंच नाही, पारंपरिक आहे. ती नावाची ओळ काढून टाक. शांतताही."

असं का म्हणालो, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. गाणं गोसाईभाऊंचं म्हटलं असतं तर मी नुसता बटण दाबणारा ठरलो असतो. कुणाचंच नसलं, तर ते शोधून काढणारा मी. आणि लहानूचं नाव आत राहिलं असतं, तर ते कुणाचं तरी आहे हे उघड पडलं असतं. कॅसेटवर छापून आलं: 'पारंपरिक. संकलन:' आणि पुढे माझं नाव. त्या नावावरून मी कितीदा अंगठा फिरवला, ते माझं मला माहीत.

पुढचं कुणाच्याच हातात राहिलं नाही. आधी कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये वाजलं. मग कुणीतरी इंटरनेटवर चढवलं. परदेशातल्या कुठल्याशा रेडिओवाल्यानं ते रोज लावायला सुरुवात केली. चामोर्शीच्या सायबर कॅफेत मी पाहिलं, बर्फात उभी असलेली गोरी पोरं आमच्या तलावाची ओढ अंगात घेऊन डुलत होती. शब्द तोंडात मावत नव्हते, पण जोर बरोबर जिथल्या तिथे पडत होता.

मग ते पानठेल्यावरच्या टीव्हीत आलं. गाव धावलं. "हे त आपल्या गोसाईभाऊचं!" भाऊंना धरून आणलं. त्यांनी परदेशी पोरांचा नाच शांतपणे पाहिला आणि विचारलं, "मंग? मासे भेटले का त्याहिले?"

सगळे खो खो हसले. भाऊ हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "डाक्टर, यातला लहानू कुठी गेला?"

"कापला असेल तिकडच्यांनी," मी म्हणालो.

पुढचे सात-आठ महिने मी तलावाची वाट टाळली. मासळी दुसऱ्या गावाहून आणली. शेवटी एका दुपारी पाळीवर गेलो आणि काय केलं ते सांगितलं. टेप, फोन, माझं नाव, ओळ मी काढायला लावली ते. गोसाईभाऊ जाळं सांधत होते. हात थांबले नाहीत.

"हे गानं आंध्रात वाजते का?"

"वाजत असेल, भाऊ. सगळीकडे वाजतंय."

"मंग आयकलं असन त्यानं." त्यांनी गाठ दातानं आवळली. "अन् त्याले वाटलं असन, भावानं माह्यं नावच काढून टाकलं."

 मित्राला मी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. पुढच्या आवृत्तीवर गोसाईभाऊंचं नाव आलं, माझं गेलं. पण जगभर पोचलेल्या गाण्यात ती ओळ परत घालायची कुठून?

त्या दुपारी मी उठायला लागलो तेव्हा भाऊंनी जाळ्याचं एक टोक माझ्याकडे फेकलं. "पल्याड जा. प्यांट वर घ्या."

मी वळसा घालून पलीकडच्या काठाला गेलो, गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. भाऊंची हाक आली, "लहानूऽऽ, धरलं का?"

निदान एवढं तरी आपण द्यावं, असं वाटून मी 'ओ' द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात भाऊंनी पलीकडून हात वर केला. नको.

आम्ही दोघं दोन काठांवर गप्प उभे राहिलो. त्यांची नजर माझ्यावरून पुढे, सडकेकडे गेली होती. मग ती जाळ्यावर आली, आणि माझ्या हातातल्या दोराला पहिला हिसका बसला.