आचरेकरकाका आणि गोऱ्यांच्या सपाता

कुणाचं माणूस परदेशात राहतं असं कळलं की आपण काय विचारतो? नोकरी कशी आहे, थंडी किती पडते, घर केवढं आहे. आमच्या शेजारचे आचरेकरकाका यातलं काहीच विचारत नाहीत. ते आपल्याला लिफ्टपाशी गाठतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, "तिकडे घरात पायात काय घालतात?"

आम्ही मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या या इमारतीत राहायला आलो त्या आठवड्यातच माझा नंबर लागला. माझा भाऊ लेस्टरला असतो एवढं मी बोलून गेले होते.

"मोजे घालत असेल," मी म्हटलं.

"कसले? लोकरीचे की साधे? वरून सपाता?"

मला माहीत नव्हतं. काकांच्या चेहऱ्यावर एवढी निराशा पसरली की मी त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. तू घरात पायात काय घालतोस, असं विचारल्यावर त्याने आधी घरचे सगळे बरे आहेत ना ते विचारलं. त्याला वाटलं, घरात काहीतरी वाईट घडलंय आणि मी विषय काढायला कचरतेय.

काका मूळचे मालवणजवळचे. उमेदीची सगळी वर्षं मस्कतमध्ये, बंगले भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत गेली. मदिनत सुलतान काबूस या गोऱ्यांच्या वस्तीत नवीन कुटुंब आलं की बंगला दाखवायचा, किल्ल्या द्यायच्या, नळ गळला की माणूस पाठवायचा. आपल्याला गोरे सगळे सारखेच दिसतात. काकांना दारातूनच कळतं. "स्वयंपाकघरात वॉशिंग मशीन मागितली की इंग्लिश. मशीनसाठी वेगळी खोली मागितली की अमेरिकन. आल्याआल्या चहाची किटली शोधली तर इंग्लिश. फ्रीजच्या दारातून बर्फ पडतो का बघितलं तर अमेरिकन. आणि दारात सपाता असल्या तर इंग्लिश. खलास." 'खलास' हा काकांचा पूर्णविराम. तो पडला की वाद संपला.

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नाही. सुरुवातीच्या काळात एका इंग्लिश बाईंनी त्यांना सांगितलं, मागच्या दारापाशी माझ्या 'वेलीं'साठी जागा हवी. काकांना भरून आलं. बाई मराठी शब्द शिकून आल्यात, हे काय थोडं झालं? त्यांनी माळ्याला बोलावलं, मागच्या दाराला बांबूचा मांडव घातला, जाईच्या दोन वेली आणून लावल्या आणि बाईंना कौतुकाने दाखवायला नेलं. बाई मांडव बघून हरखल्या. मग आत जाऊन गुडघ्यापर्यंतचे हिरवे रबरी बूट घेऊन आल्या आणि मांडवाखाली ठेवले. त्या बुटांना तिकडे 'वेलीज' म्हणतात.

"मस्कतात चिखल खंय?" काका अजून विचारतात. "पण बाईची हौस. जाई फुलायची आणि खाली बूट."

अमेरिकन लोकांबद्दल मात्र त्यांना धास्ती होती. एका साहेबांचा एसी बिघडला म्हणून ते गेले, तर साहेब पलंगावर पडून फोनवर बोलत होते. पायात बूट. पांघरुणावर. त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. साहेबांनी त्यांना प्रेमाने बर्फ घातलेली कॉफी दिली, तीही त्यांनी उभ्यानेच घेतली. यातून काकांचा सिद्धान्त निघाला. इंग्लिश माणूस दुलईला नुसता अभ्रा घालतो. अमेरिकन माणूस अंग आणि दुलई यांच्यामध्ये आणखी एक चादर घालतो. का? "सपातावाल्याला एक पांघरूण पुरतं. बूटवाल्याला मधली चादर लागते. खलास."

मी म्हटलं, काका, तसं काही नसेल हो. त्यांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं.

मागच्या डिसेंबरात या सगळ्या विद्येची परीक्षा द्यायची वेळ आली. काकांची एकुलती एक मुलगी मुग्धा शिकायला म्हणून इंग्लंडला गेली आणि लीड्सला नोकरीला लागली. तिथेच तिने मार्क नावाच्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मार्क मूळचा अमेरिकन. लग्नाला काका-काकूंना जाता आलं नाही, ते काकूंच्या मनात सलत होतं. आता मुग्धा, मार्क आणि मार्कची आई लिंडा, लग्नानंतर पहिल्यांदाच तिघं मिळून मस्कतला येणार होती.

काका पेटले. रुवीच्या बाजारातून त्यांनी मऊ अस्तराच्या सपाता आणल्या, सगळ्या मापांच्या. ओट्यावर इंग्रजी चहासाठी किटली मांडली, फ्रीजरमध्ये बर्फाचे ट्रे कोंबले. मुलीच्या खोलीत दुलई घातली, विहीणबाईंच्या पलंगावर मधली चादर. दर तासाला आमची बेल वाजायची. "सीमा, उशा किती ठेवू? अमेरिकेत उशांचा डोंगर करतात."

मग त्यांनी जाहीर केलं की विहीणबाईंना बूट काढायला सांगायचं नाही.

हे ज्या घरात घडलं, तिथे एसी दुरुस्त करणाऱ्यापासून काकांच्या अर्बाबपर्यंत, म्हणजे ओमानी मालकापर्यंत, सगळ्यांनी दाराबाहेर बूट-चपला काढलेल्या आहेत. शिवाय काकूंचं देवघर हॉलमध्येच, दारासमोर.

"माझ्या देवांच्या फुड्यात बूट? माका चलाचा नाय," काकू म्हणाल्या.

"मग काय, पावण्यांका दारातच बूट काढा म्हणान सांगूचा? त्यांच्यात तो अपमान असता."

"आणि देवांचो?"

दोन दिवस घरात शब्द नव्हता. शेवटी काकूंनी देव उचलले आणि बेडरूममध्ये कपाटावर नेऊन ठेवले. नेताना त्यांनी देवांची माफी मागितली ती मी ऐकली. काकांनीही ऐकली असावी.

पाहुणे यायच्या दिवशी मला मदतीला बोलावलं होतं. दार उघडलं तर काका हॉलमध्ये उभे, इस्त्रीचा शर्ट आणि पायात चकचकीत काळे बूट. स्वतःच्या घरात. ते फरशीवर असे चालत होते, जणू खाली कुणी झोपलंय.

"विहीणबाईंना एकटं वाटायला नको," ते कुजबुजले.

बेल वाजली. दारात मुग्धा, मागे उंच मार्क, आणि दोघांच्या मध्ये पिकल्या केसांच्या, हसऱ्या लिंडाबाई. बूट हातात. पायांत गुलाबी मोजे, तळव्यांना काळेकुट्ट. मार्कने आईला बजावलं होतं की यांच्याकडे आत जाण्याआधी बूट काढतात. बाईंनी ते इमारतीच्या मुख्य दारातच काढले होते आणि लिफ्ट बंद असल्याने सगळे जिने तशाच चढून आल्या होत्या.

त्यांनी काकांच्या पायांकडे बघितलं. काकांनी त्यांच्या पायांकडे. बाईंना वाटलं आपलं चुकलं, त्या घाईने वाकून बूट चढवायला लागल्या. काकांना वाटलं आपलं चुकलं, ते वाकून बूट उतरवायला लागले. एक पाय झाल्यावर दोघांनी वर पाहिलं आणि दोघांचाही विचार बदलला. उंबरठ्याच्या अलीकडे एक व्याही आणि पलीकडे एक विहीण, एकेका पायावर, भिंतीला धरून.

"बाबा," मुग्धा हळूच म्हणाली, "तुम्ही घरात बूट घातलेत?"

काकांनी काढलेला बूट पाठीमागे लपवला. तोडगा काकूंनी काढला. त्या आतून पितळी तांब्या घेऊन आल्या, लिंडाबाईंचा हात धरून त्यांना न्हाणीघरात नेलं, स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या पायांवर कोमट पाणी घातलं. आमच्याकडे आलेल्या माणसाचे पाय असेच धुतात, हे मुग्धाने इंग्रजीत सांगितलं. लिंडाबाई हसत होत्या, पण पाणी संपलं तरी त्यांनी काकूंचा हात सोडला नाही. नंतर सगळ्यांनी सपाता घातल्या आणि काकू देव घेऊन हॉलमध्ये परतल्या.

जेवताना काकांनी धीर करून मधल्या चादरीचं विचारलं. "ती असली की वरची दुलई मळत नाही," लिंडाबाई म्हणाल्या. काकांनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की मी सोलकढीच्या वाटीत तोंड लपवलं.

दुपारी मार्क सोफ्यावर पेंगला. मुग्धा आणि काकू आत भांडी आवरत होत्या. काका, लिंडाबाई आणि मी चहा घेऊन गॅलरीत बसलो. काका बराच वेळ कप फिरवत राहिले. मग आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे जाऊन राहता ना? मुग्धा घरी कशी असते?"

लिंडाबाईंना प्रश्न नीट कळला नाही. त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"फोनवर ती म्हणते, सगळं छान आहे," काका म्हणाले. "दर वेळी तेच. छान म्हणजे काय ते मला दिसत नाही. मग मी लोकांना विचारतो. फरशी गार असते का, गालिचा असतो का, सकाळी उठल्यावर काय करतात. लोक सांगतात त्यावरून मी मनात तिचं घर मांडतो. ते सगळं झालंय मांडून. पण ती त्यात नसते."

मी खाली रस्त्याकडे बघत राहिले. लिंडाबाईंनी कप खाली ठेवला.

"ती गाते," त्या म्हणाल्या.

"मुग्धा? नाही हो. ती नाही गात."

"भांडी घासताना. नळ चालू असतो, तिला वाटतं आम्हाला ऐकू येत नाही."

"काय गाते?"

लिंडाबाईंना शब्द येत नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि गुणगुणायला सुरुवात केली. सूर इकडेतिकडे जात होते, पण आरती ओळखू आली. आणि मधल्या एका ओळीला त्यांनी चाल भलतीकडेच वळवली. ती चूक त्यांची नव्हती. दर गणपतीत आमच्या मजल्यावर काका आरती म्हणताना तिथेच वाट सोडतात, सगळे थांबतात, आणि ते एकटेच जोरात पुढे जातात. जगात दुसरं कुणी ती ओळ तशी म्हणत नसेल.

लिंडाबाई थांबल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, पुन्हा काढला.

"वन्स मोअर," ते हळूच म्हणाले.