सत्तेचाळिसावं गुणसूत्र

सोल्वेग ब्रेक्केने प्रयोगशाळेच्या दारावर ‘दार हळू लावा’ अशी चिठ्ठी चिकटवली, आणि शेजारच्या टेबलावरच्या ड्वेन हॅल्वर्सनने ती वाचण्याच्या नादात दार धाडकन सोडून दिलं.

“अक्षर छान आहे गं तुझं,” तो म्हणाला.

सोल्वेगने डोळे मिटले. मिनियापोलिसमध्ये माणूस माणसावर ओरडत नाही. अगदीच डोक्यात गेलं तर “हं, वेगळंच आहे” एवढं म्हणतो आणि कॉफी ओततो. तेवढ्यावर तिचं आजवर निभावलं होतं. पण हल्ली निभेना.

माणसाच्या पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं असतात. तिला त्यात सत्तेचाळिसावं घालायचं होतं, हाताने बनवलेलं. बनवणं एक वेळ जमतं, पण ते पेशीच्या आत धाडायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. एक तर ते भलतंच लांब, त्यात ओल्या शेवईसारखं नाजूक. जरा धक्का लागला की तुटतं, आणि तुटलेला तुकडा निमूट पडून राहील तर शपथ. तो पेशीत शिरून दुसऱ्याच गुणसूत्राला जाऊन चिकटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून सोल्वेग द्रव उचलायच्या पिपेटची प्लॅस्टिकची टोकं कात्रीने कापून रुंद करायची, आणि ते ठेवलेली काचनळी घेऊन चालताना बूट काढून ठेवायची.

तरीही ते तीनदा तुटलं होतं, तिन्ही वेळा तिच्याच हातून. तिसऱ्या खेपेला विभागप्रमुख मॅविस टॉलेफसन अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, “सोल्वेग, पुन्हा तुझ्या हातून तुटलं ना, तर मला वाटतं तुला माश्यांच्या खोलीत जास्त बरं वाटेल.” माश्यांची खोली तळघरात होती. तिथे दिवसभर फळमाश्या बेशुद्ध करायच्या आणि त्यांचे डोळे लाल की पांढरे ते बघत बसायचं. त्या खोलीतून परत वर आलेलं कुणी सोल्वेगला माहीत नव्हतं.

आज दोन नळ्या तयार होत्या, एक टेबलावर बर्फात आणि एक फ्रिजमध्ये. सोल्वेग पेशींच्या बशा आणायला आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा ड्वेन तिच्या टेबलापाशी उभा होता. शेजाऱ्याच्या गाडीवरचं बर्फ न सांगता काढून ठेवल्यावर जो आनंद चेहऱ्यावर येतो, तो त्याच्या चेहऱ्यावर होता.

“तुझं काम हलकं केलंय,” तो म्हणाला. “नळीत सगळं तळाशी बसलं होतं. म्हटलं, बिचारी दमलीय, आपण जरा ढवळून द्यावं.”

“ढवळून?”

“यंत्रावर धरली. बघ, मस्त एकजीव झालंय.”

प्रत्येक टेबलावर ते यंत्र असतं. नळी वर टेकवली की गरगर थरथरतं. इथल्या माणसाच्या हातात नळी आली की हात आपोआप तिकडे जातो, तसा ड्वेनचा गेला होता. सोल्वेग फ्रिजकडे गेली, दुसरी नळी काढली आणि मुठीत धरली. निदान ही तरी या माणसापासून वाचवायची होती.

“ड्वेन, मी दारावर चिठ्ठी लावते. मी भर जानेवारीत अनवाणी चालते. तुला काय वाटलं, हौस आहे मला?”

“मला वाटलं पायाला काहीतरी झालंय. विचारणं बरं दिसेना.”

मग मात्र तिच्या तीन पिढ्यांचा शांतपणा संपला. “तीन वर्षं मी हे तान्ह्या पोरासारखं जपतेय,” ती म्हणाली, “आणि तू येतोस, नळी उचलतोस, यंत्रावर धरतोस आणि अशी, अशी, अशी...”

ड्वेन तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, मुठीकडे बघत होता.

“सोल्वेग,” तो हळूच म्हणाला, “ती तुझी दुसरी नळी ना?”

तिने मूठ उघडली. नळीत फेस आला होता.

तेवढ्यात दार धाडकन वाजलं. मॅविस टॉलेफसन आत आल्या आणि दोन्ही नळ्यांकडे बघून थांबल्या. “कुणाच्या हातून?”

सोल्वेगने खरं सांगायला तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांसमोर माश्या आल्या.

“माझ्या,” ड्वेन म्हणाला. “दोन्ही ढवळून ठेवल्या, मॅडम. सवय.”

सोल्वेगने तोंड मिटलं. मॅविसबाईंनी ड्वेनकडे बराच वेळ बघितलं. “हं,” त्या म्हणाल्या, “वेगळंच आहे.” मग सोल्वेगकडे वळल्या. “तुझा काही दोष नाही बाळ. आणखी सहा महिने घे. आणि ड्वेन, नुकसान तू केलंस, भरपाईही तूच कर. उद्यापासून याच टेबलाशी बस आणि तिला मदत कर. सहाही महिने.”

“आनंदाने,” ड्वेन म्हणाला, आणि त्याला खरोखरच आनंद झाला होता. सोल्वेगला रडू येत होतं. नाही म्हणायला तिला तोंडच उरलं नव्हतं.

नवी नळी तयार झाली त्या सकाळी ड्वेन अनवाणी आला. दार त्याने दोन्ही हातांनी लावलं, इतकं हळू की कडीचाही आवाज झाला नाही. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून बर्फाचा डबा त्याने काखेत मारला होता, उलटा. मागे जमिनीवर बर्फ सांडत आलं होतं आणि त्या बर्फातून नळी गडगडत येत होती.

“ऐकलंस?” तो कुजबुजला. “आवाज नाही.”

सोल्वेगने कॉफी ओतली, दोन कपांत.

“हं,” ती म्हणाली. “वेगळंच आहे.”