दिवाकरभाऊंचे नवे पऱ्हे

दिवाकरभाऊंनी आयुष्यात स्वतःचं म्हणून एकच ॲप बनवायला घेतलं, आणि ते दर वेळी पहिल्यापासून लिहिलं.

आरमोरीत ते माझे शेजारी. राईस मिलवाल्यांना बिलांची सॉफ्टवेअरं करून देतात, ती दणक्यात चालतात. घोडं अडायचं ते घरच्या ॲपवर. प्रोग्रॅमिंगचं नवं साधन आल्याचं कानावर पडलं, की जुना कोड बाजूला. मी म्हणायचो, "अहो, झालंय तेच पुढं न्या ना!" उत्तर ठरलेलं, "जुन्या पऱ्ह्याचा रोवणा होते काजी?"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. त्यांचं वय झालं की रोवणा, म्हणजे लावणी, साधत नाही, हे खरंच. पण कोडचं कसलं वय, हे भाऊंना कोण विचारणार?

ॲप होतं त्यांच्या आईसाठी. लकव्यानं सीताबाईंची वाचा गेली होती, उजवा हात तेवढा चालायचा. भाऊंनी पहिलं ॲप डेस्कटॉपवर केलं. कीबोर्डच्या बटनांवर चित्रं चिकटवली. गिलास दाबला की आवाज यायचा, 'पाणी पायजे.' एका बटनावर भाऊंचा पासपोर्टचा फोटो होता. तो दाबला की, 'बाबू, इथी ये.' आवाज सगळे भाऊंचेच, त्यामुळं ते स्वतःलाच हाक मारत.

ते सुरू झालं त्या दिवशी मी तिथंच होतो. आम्ही आत चहा घेत होतो, तोच बाहेर सीताबाईंच्या खाटेकडून हाक आली, 'बाबू, इथी ये.' भाऊ धावले. "काय पायजे माय?" पाणी दिलं, उशी सरकवली, परत आले. लगेच पुन्हा हाक. मग पुन्हा. चहा पार निवला.

"बटन अटकून राह्यलं," भाऊ वैतागले. "डेस्कटॉपचं हेच. मोबाईलवर टच असते, तिथी असं नाई होत." आणि कीबोर्ड काढून आत घेऊन गेले.

तिथून मोबाईल सुरू झाला. तो अर्ध्यावर असताना भाऊंना आणखी नवं साधन सापडलं, "एकदा लिवा, मोबाईलवर बी चालते, कम्प्युटरवर बी!" हल्ली एआय कोड लिहून देतो म्हणतात, तर भाऊंनी त्यालाही पहिल्यापासून लिहायला बसवलं. हे सगळं आतल्या खोलीत, दार लावून. सीताबाई बाहेरच्या खाटेवर, दाराकडं बघत. मला आपली भाऊंची गंमत वाटायची.

यंदा सीताबाई गेल्या. ॲप अर्धंच होतं.

तेरवी झाल्यावर भाऊंनी मला बोलावलं. जुना कम्प्युटर लावलेला होता. त्यांनी फोटोचं बटन एकदा दाबलं. हाक एकदाच आली. आम्ही बराच वेळ थांबलो. पुढं काही नाही.

"बटन बराबर होतं जी," भाऊ म्हणाले. "मायले पाणी नाई पायजे होतं, उशी नाई पायजे होती. ते मलेच बलावत होती. अन् मी आत बसून तिले बोलती करून राह्यलो होतो."