डबा रिकामा परत जात नाही

लाखाणी शेठ येणार म्हणून रतनभाऊंनी चिकू पिकत घातले, ही पहिली वेळ. शेठ आले नाहीत, ही पण पहिलीच वेळ.

घोलवडहून झाईला जाणाऱ्या रस्त्याला रतनभाऊंची चिकूची वाडी होती आणि वाडीच्या कडेला पत्र्याची एक शेड. शेडमध्ये चिकूची पावडर करायचं यंत्र होतं. चिकू वाळवून दळला की त्याचा गोळा होतो. तो होऊ नये म्हणून विद्यापीठातल्या मयुरा मॅडमनी काही वर्षं डोकं घालून एक रीत शोधून काढली होती. रीत उत्तम होती. फक्त चिकू नेमका पिकलेला लागायचा. आदल्या दिवशीचा चालत नसे, दुसऱ्या दिवशीचाही नाही. लग्नाला लागत नाही इतका मुहूर्त त्या पावडरीला लागे.

यंत्र मोठं करायला पैसा हवा होता, आणि तो मुंबईच्या लाखाणी शेठकडे होता. मागल्याच वर्षी घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, तेव्हापासून मुंबईची माणसं चिकूकडे जरा आदरानं बघू लागली होती. रतनभाऊंना पैशापेक्षा पीयूषची चिंता होती. एकुलत्या एका मुलाला वापीच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं.

"शेठ पैसा घालतो म्हणाला तर मी इथंच राहीन, पप्पा," तो म्हणाला होता. "नाय तर मग वापी."

तर शेठ आले नाहीत. पिकलेल्या चिकूंचा ढीग घरात पडला. रतनभाऊंच्या बायकोनं, चंपाताईंनी, डबे भरून आळीत वाटले. आता इकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. आणि ज्याच्या-त्याच्या परसात चिकूच. त्यामुळे शेजारच्या सुनितावहिनींकडून डब्यात चिकूचा हलवा आला, पलीकडून चिकूच्या वड्या आल्या, आणि एका सुगरणीनं चिकूचं लोणचं पाठवलं. ते कुणीच उघडलं नाही, पण दाराबाहेर ठेवायचीही कुणाची छाती झाली नाही.

शेठनी नवी तारीख दिली. रतनभाऊंनी पुन्हा चिकू पिकत घातले. शेठ पुन्हा आले नाहीत. डबे पुन्हा गेले, भरून परत आले. तिसऱ्या खेपेला तर चिकू टेम्पोत घालून वाडीवर काम करणाऱ्या हाल्याबरोबर तलासरीला, त्याच्या पाड्यावर पाठवले. दुसऱ्या दिवशी हाल्या टेम्पोसकट परत आला.

"शेट, पाड्यावर कुणी घेत नाय," तो रतनभाऊंना म्हणाला. "बाया सांगतात, पोरा पळतात चिकू बघून."

आळीतही तीच कथा. चंपाताई हातात डबा घेऊन निघाल्या की दारं लागत. सुनितावहिनींनी तर एकदा आतून ओरडून सांगितलं, "आम्ही घरात नाय!"

"बास," रतनभाऊ जेवता जेवता म्हणाले. ताटात हलवा होता. "आता आधी शेठ येऊ दे. मग चिकू पिकवू."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी व्यवहारी निर्णय घेतला होता. पुढच्याच रविवारी फोन वाजला.

"रतनभाई, हायवेवर चारोटीपर्यंत पोचलो! सुरतला लग्नाला चाललोय, म्हटलं तुमचं मशीन बघून जाऊ."

घरात चिकूचं सगळं होतं, पिकलेला चिकू नव्हता. रतनभाऊंनी मयुरा मॅडमना फोन लावला.

"कच्चा घातला तर?"

"नाही चालणार," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "माझ्या प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण आहे."

मग रतनभाऊ रिकामी पिशवी घेऊन आळीत धावले. पिकलेले चार चिकू कुठंही मिळाले असते. पण रतनभाऊ पिशवी घेऊन येताना दिसले आणि सगळ्या आळीनं कड्या लावल्या.

"वहिनी, मी द्यायला नाय आलो, मागायला आलोय!"

"मागल्या खेपेलापण चंपावहिनी असंच काय तरी बोलत होत्या!" आतून आवाज आला.

गाडी आली तेव्हा शेडमध्ये चंपाताईंनी टेबलावर शोभेला कच्च्या चिकूंची टोपली मांडली होती. चिकू कच्चा असो की पिका, बाहेरून सारखाच दिसतो. शेठनी आत येता येता एक उचलला, पुसला, आणि कुणी "अहो" म्हणायच्या आत कचकन चावला.

कच्च्या चिकूचा चीक म्हणजे डिंकच. शेठनी तोंड मिटलं ते उघडेना. डोळे तेवढे मोठे झाले.

"आवडला वाटतं," रतनभाऊ भीत भीत म्हणाले.

"खोबरेल आणते," म्हणून चंपाताई घराकडे पळाल्या. आणि मधल्या वेळात काय करायचं म्हणून पीयूष बोलू लागला. बंद यंत्रासमोर उभा राहून त्यानं चिकू सांगितला, मॅडमचं संशोधन सांगितलं, समुद्राची हवा सांगितली, दुबईचा बाजार सांगितला. शेठ मध्ये बोलू शकत नव्हते, निघूनही जाऊ शकत नव्हते. इतकं शांतपणे त्यांनी आजवर कुणाचंच ऐकलं नसावं. रतनभाऊ मुलाकडे बघत राहिले. पोरगं इतकं बोलतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

खोबरेल लागलं, तोंड सुटलं. शेठनी ओठ चाचपले आणि म्हणाले, "पैसा घालतो."

रतनभाऊ यंत्राकडे वळले.

"चिकूत नाय," शेठ म्हणाले. "या मुलात. बंद मशीन दाखवून ज्यानं मला चिकू जवळजवळ विकलाच, तो चालू माल काय विकेल! पीयूष, मुंबईला ये. वापी देते त्याच्या दुप्पट देतो."

पीयूषनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी टोपलीकडे.

"जा," ते म्हणाले. "वापी तसंही लांबच होतं."

वापी झाईहून हाकेवर आहे. लांब ती मुंबई.

मयुरा मॅडमच्या संशोधनाला पुढं पुरस्कार मिळाला. शेडला कुलूप लागलं. दिवाळीला पीयूष कंपनीच्या पाकिटांचा खोका घेऊन आला. तो आता परदेशातून आणलेली वाळवलेली किवी विकत होता आणि फार छान विकत होता.

"खाऊन बघा ना, पप्पा."

रतनभाऊंनी एक फोड तोंडात घातली. बराच वेळ चघळली. "चांगली आहे," ते म्हणाले. मग चंपाताईंना म्हणाले, "सुनितावहिनींना पाठव थोडी. कुणाकडे नसेल."

डबा गेला. आळीत या खेपेला दार उघडलं, कारण डबा पीयूषच्या हातात होता. संध्याकाळी डबा परत आला, रीतीप्रमाणे भरून.

चंपाताईंनी झाकण उघडलं, बघितलं, आणि डबा रतनभाऊंपुढे ठेवला. आत चिकू होते, नेमके पिकलेले.